‘आदिपुरुष’ बोलपट आणि प्रेक्षकांची अपेक्षा

२०२३ सालच्या जून महिन्यांत पाऊस लांबला होता. आपल्या मावळांतील शेतकरी भाताच्या रोपांसाठीं आभाळाकडे डोळे लावून बसले होते. आमच्या वर्गांतील मुलें मात्र १६ तारखेची वाट पाहत होतीं. कारण त्या दिवशीं रामकथेवरील ‘आदिपुरुष’ हा बोलपट प्रदर्शित व्हावयाचा होता. मळवलीहून लोकलनें येणाऱ्या एका मुलानें तर सुट्टींत कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशीं करवंदें विकून तिकिटाचे पैसे सांठविले होते. खरें सांगावयाचें तर, ‘हा बोलपट अवश्य पाहा’ असें मींच वर्गांत सांगितलें होतें.

माझ्या सांगण्यास आधार नव्हता असें नाहीं. दिग्दर्शक ओम राऊत यांनीं २०२० सालीं ‘तान्हाजी’ हा बोलपट काढून मावळ्यांचा पराक्रम देशभर गाजविला होता. या नव्या कृतींत अजय-अतुल यांचें संगीत होतें, आणि हनुमानाच्या भूमिकेंत ‘जय मल्हार’ मालिकेंतील देवदत्त नागे होते. खर्च सुमारें ५०० कोटी रुपये झाल्याचें वर्तमानपत्रांत छापून आलें होतें. प्रत्येक चित्रगृहांत एक आसन हनुमंतासाठीं रिकामें ठेवण्याची घोषणाही निर्मात्यांनीं केली होती.

सोमवारीं मीं त्या मुलास विचारलें. तो म्हणाला, “सर, यांतला हनुमान आमच्या नाक्यावरच्या पोरांसारखा बोलतो.”

तक्रार त्याची एकट्याची नव्हती. पहिल्या दिवशीं जगभर १४० कोटींचें उत्पन्न झाल्याचें निर्मात्यांनीं जाहीर केलें; परंतु त्याच सोमवारपासून गर्दी झपाट्यानें ओसरली, आणि आठवडा संपण्यापूर्वींच कांहीं संवाद बदलावे लागले. वास्तविक सूचना आधींच मिळाली होती. २ ऑक्टोबर २०२२ रोजीं अयोध्येंत पहिली झलक दाखविली, तेव्हां संगणकावर रचलेल्या दृश्यांची लोकांनीं इतकी थट्टा केली कीं, जानेवारीचें प्रदर्शन जूनवर गेलें. वेळ मिळाला, पण तो बहुधा चित्रें घांसण्यांत गेला, वाक्यें तपासण्यांत नव्हे.

आतां यांतील मर्म पाहूं. विलायती बोलपटांतील अचाट शक्तीचा नायक आपणांस प्रथम पडद्यावरच भेटतो. तो जसा दाखवितील तसा आपण स्वीकारतों. रामाची गोष्ट तशी नाहीं. प्रेक्षक घरून निघतो तेव्हांच आजीनें व कीर्तनकारानें रंगविलेली सोन्याची लंका त्याच्या मनांत उभी असते. तिच्या जागीं काळीकुट्ट लंका आणि वटवाघळासारख्या श्वापदावर बसलेला रावण दिसला, म्हणजे तो चकित होत नाहीं, परका होतो.

येथें यंत्रास दोष देणें मला पटत नाहीं. दादासाहेब फाळके यांनाही छायाचित्रणाच्या युक्त्यांचें वेड होतें. १९१७ सालच्या त्यांच्या ‘लंकादहन’ या मूकपटांत अण्णा साळुंके या एकाच नटानें राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या! तरीही लोक दाटी करून आले. त्यांच्या ओळखीची गोष्ट त्यांना तेथें सांपडली.

पुढें पाऊस पडला, लावण्या झाल्या. मीं वर्गास ‘ऐकलेली गोष्ट’ हा निबंध दिला. त्या मुलानें, लावणी करतांना आजी सांगते ती लंकादहनाची कथा तीन पानें लिहून आणिली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या; त्या मीं सुधारल्या. हनुमंताच्या तोंडचें एकही वाक्य मात्र बदलावें लागलें नाहीं.