चार्टवरची आंघोळ

दिल्ली-एनसीआरमध्ये आईवडिलांसाठी वृद्धनिवास शोधणाऱ्या मराठी घरांतून हल्ली मला फोन येतात. महिन्याचा खर्च किती, डॉक्टर रोज येतो का, जेवणात कांदा-लसूण असतो का, असं सगळं विचारतात. आंघोळ कोण घालतं, कुठे घालतं, कशी घालतं, हे मात्र कोणी विचारत नाही. मी त्यांना सांगते, आधी तेच विचारा.

माझी आई नोएडातल्या एका वृद्धनिवासात होती. स्वच्छ इमारत, लिफ्ट, रात्रीची नर्स, फिजिओथेरपीची खोली. महिनाअखेरीस चार्ट मिळायचा: औषध, नाश्ता, रक्तदाब, डायपर, आंघोळ, असे रकाने आणि प्रत्येक तारखेपुढे बरोबरची खूण. जानेवारीच्या चार्टवर आंघोळीची एकही खूण चुकलेली नव्हती. त्याच सुमारास नव्याने लागलेल्या एका अटेंडंटने मला जिन्यापाशी बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, “दीदी, एक बार माँजी की पीठ देख लीजिए.” माकडहाडावर रुपयाएवढी उघडी जखम होती. जांघेत आणि छातीखालच्या घडीत कातडी लाल, ओलसर, वास मारणारी. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पावडरचे गठ्ठे. ही जखम एका रात्रीत होत नाही. रोज खरोखर अंग धुतलं जात असतं, तर ती कोणाच्या तरी नजरेला पडलीच असती.

आंघोळीकडे लोक फक्त स्वच्छता म्हणून बघतात, ते मला अपुरं वाटतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं अंग दिवसातून एकदाच कोणीतरी बघतं, ते आंघोळीच्या वेळी. ती वेळ बुडाली की तपासणीच बुडाली.

असं का झालं, हे नंतर उलगडत गेलं. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे आई लग्न होऊन दिल्लीत आली. सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये संसार, दरवर्षी करोलबागच्या गणपतीला हजेरी. हिंदी फर्डी बोलायची. स्मृतिभ्रंश वाढत गेला तशी ती हिंदी मागे पडली. आयुष्यभर पहाटे आंघोळ, मग देवपूजा, मग चहा, हा तिचा क्रम. वृद्धनिवासात आंघोळी दुपारी, एकामागून एक, बाथरूमचं दार उघडं ठेवून. शिवाय एका रविवारी गेले तर तिची कमरेपर्यंतची वेणी गेलेली, केस मानेवर कापलेले. “धोने-सुखाने में बहुत टाइम लगता है,” असं मला सांगण्यात आलं. तिला विचारलं नव्हतं, आम्हालाही नाही. त्यानंतर डोक्याजवळ कोणाचा हात आला की ती दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायची. आंघोळीला न्यायला आले की पलंगाचा कठडा धरून ओरडायची. कागदावर त्याची नोंद ‘सहकार्य करत नाही’ एवढीच. मग तिला न्यायचंच बंद झालं. ओल्या टिशूने तोंड पुसायचं, पावडर टाकायची आणि खूण करायची.

नकार देणारं माणूस काहीतरी सांगत असतं. थंडी वाजते, सांधे दुखतात, डोक्यावरून पाणी आलं की गुदमरल्यासारखं होतं, परक्यासमोर उघडं व्हायची लाज वाटते. बुद्धी क्षीण झाली तरी लाज शेवटपर्यंत शिल्लक राहते. आपल्याकडच्या संस्था हे विसरतात आणि त्याची किंमत मोठी असते. रोहिणीतल्या ‘आशा किरण’ या बौद्धिक अपंगांसाठीच्या सरकारी गृहाची दिल्ली महिला आयोगाने २०१७ साली पाहणी केली, तेव्हा आंघोळीच्या वेळी स्त्रिया विवस्त्र अवस्थेत उघड्यावर दिसल्या आणि तिथे सीसीटीव्ही कॅमेरे होते, असं आयोगाने जाहीर केलं. २०२४ च्या जुलैत त्याच गृहातल्या मृत्यूंची बातमी आली आणि दिल्ली उच्च न्यायालयाला तिथलं पाणी व सांडपाण्याच्या वाहिन्या तपासण्याचा आदेश द्यावा लागला.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २० मध्ये सुरक्षित आणि स्वच्छ जागा, खाजगीपण, स्वतःचे कपडे घालण्याची मुभा, स्त्रियांना पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू यांची हमी आहे. सक्तीने डोकं भादरायला मनाई आहे. हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे. पण मनोरुग्णालयातल्या माणसाचे केस त्याच्या इच्छेविरुद्ध भादरता येत नसतील, तर महिन्याला भरभक्कम पैसे घेणाऱ्या वृद्धनिवासात वेणी कशी कापली जाते? हा प्रश्न मी व्यवस्थापनाला लेखी विचारला. तुम्हीही विचारा.

आईला आम्ही दुसरीकडे हलवलं. तिथे जे शिकले ते सांगते. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत, डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हाताऱ्या माणसाला रोज डोक्यावरून आंघोळ घालायची गरज नसते. आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण आंघोळ पुरते. पण तोंड, हात, काखा, छातीखालच्या घड्या, जांघा आणि पायाची बोटं रोज धुवायची, याला सुट्टी नाही. पाणी आपल्या कोपराने तपासा. मधुमेह्याच्या पायाला चटका कळत नाही. पाणी पायांपासून सुरू करून वर न्या, डोकं सगळ्यात शेवटी किंवा वेगळ्या दिवशी. बाथरूम आधी उबदार करून घ्या, पण कोळशाची अंगीठी आत कधीही नेऊ नका, आणि बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि या भागात दर हिवाळ्यात त्याने माणसं दगावतात.

बाथरूमपर्यंत नेणं अवघड असेल तर पलंगावरच टॉवेलने आंघोळ घालता येते. सगळ्या अंगावर कोरडी चादर ठेवायची आणि पुसायचा तेवढाच भाग उघडा करायचा. डोळे आधी, बिनसाबणाच्या पाण्याने, नाकाकडून कानाकडे. मग चेहरा, हात, छाती, पाय, पाठ. नंतर पाणी आणि कापड बदलून गुप्तांग. बायकांना नेहमी पुढून मागे पुसायचं, म्हणजे शौचाच्या जागेचे जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. म्हाताऱ्या माणसाचं डोकं अचानक जास्त गोंधळू लागलं, तर त्यामागे लघवीचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अशी टॉवेलची आंघोळ किंवा माणसाच्या कलाने घातलेली शॉवरची आंघोळ सुरू केल्यावर मारणं-चावणं निम्म्याहून कमी झालं होतं. माझ्या आईच्या बाबतीत मी ते डोळ्यांनी पाहिलं. नव्या ठिकाणच्या बाईंना मी एका कागदावर देवनागरीत चार मराठी वाक्यं लिहून दिली होती. “आई, आंघोळीला चला” असं त्या म्हणाल्या की ती पलंगाचा कठडा सोडायची. वेळही सकाळची करून घेतली.

कातडीबद्दल थोडं अधिक. नोएडा-गुरुग्राममध्ये बोअरवेलचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, साबण नीट निघत नाही, कातडी तडकते. साबण कमी लावा, पंच्याने घासू नका, टिपून घ्या आणि अंग किंचित ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल नको, तिथे कोरडंच हवं. तेलकट तळव्यांनी चालू देऊ नका. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा घड्या दिवसातून दोनदा पुसून कोरड्या करायच्या. पावडरचा घामात मिसळून लगदा होतो आणि खालची कातडी सोलवटते.

अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात बघायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा न होता लालच राहिला तर बेडसोअर सुरू झाला आहे. त्यावर मालिश करायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही, रबरी रिंगवर बसवायचं नाही; त्याने भोवतीचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. हवेची गादी चांगली, पण ती आणली म्हणून कूस बदलायचं थांबवता येत नाही. आईची जखम भरायला पावसाळा उजाडला.

तोंडाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. कवळी रात्री काढायची, मऊ ब्रशने घासायची, साध्या पाण्यात ठेवायची. कढत पाण्याने तिचा आकार बिघडतो. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या लोकांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीच्या आसपास आढळला. दात नसले तरी हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडाने पुसाव्या लागतात.

हे सगळं करणाऱ्या बायका बहुतेक झारखंड, बंगाल, बिहारमधून आलेल्या. बारा-बारा तासांची ड्यूटी आणि एकीच्या वाट्याला दहा-बारा माणसं. त्यांच्यावर आवाज चढवून काही साधत नाही. मला खरं सांगणारी त्यांच्यातलीच होती आणि तिने नोकरी पणाला लावून सांगितलं. दोष माणसं कमी ठेवणाऱ्या व्यवस्थापनाचा असतो, तेव्हा प्रश्न व्यवस्थापनाला विचारा: आंघोळीच्या वेळी एका अटेंडंटकडे किती जण? बाईला बाईच आंघोळ घालते का, रात्रीचा डायपर कोण बदलतं? दाराला कडी, पडदा, भिंतीला धरायला दांडे आहेत का? टॉवेल, कंगवा, नेलकटर प्रत्येकाचा वेगळा, नाव घातलेला आहे का? सामायिक टॉवेल-चादरीतून खरूज अख्ख्या मजल्यावर पसरते. दाखल करण्याआधी सकाळी दहा-अकराला न कळवता जाऊन न्हाणीघर बघा; संध्याकाळी पुसून ठेवलेलं दाखवतात. आंघोळीचे किंवा जखमेचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू देऊ नका. डॉक्टरांना हवे असतील तर फक्त त्यांनाच पाठवा.

आणि भेटायला जाल तेव्हा सफरचंदं ठेवून, मोबाइलवर नातवंडं दाखवून परत फिरू नका. आईची परवानगी घ्या, दार लावा, पाठ बघा, टाचा बघा, मोजे काढून बोटं बघा. काही आढळलं तर तारीख घालून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन ‘एल्डरलाइन’ आहे. क्रमांक १४५६७, फोन मोफत, रोज सकाळी ८ ते रात्री ८.