मोटारीच्या इंधनटाकीची अडकलेली झडप

मोटार पेट्रोलपंपावर उभी राहावी आणि इंधनटाकीवरील झडपच उघडू नये, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. मागे वाहनांची रांग वाढते. चालक उतावीळ होऊन फटीत पेचकस घालतो व जोर करतो. झडप उघडतेही, परंतु पत्रा वाकतो, रंग उडतो, आतील खिटी मोडते, आणि मूळ दोष कोणता होता हे कळत नाही ते नाहीच. ह्या लहानशा यंत्राची रचना ठाऊक असल्यास हे नुकसान टाळता येते.

इंधन भरण्याच्या नळीवर बहुधा दोन आवरणे असतात. आतील बूच फिरवून घट्ट बसविलेले असते व ते इंधनाची वाफ कोंडून धरते. बाहेरची झडप धूळ, पाऊस व चोर यांपासून बुचाचे रक्षण करते. झडपेची एक कड बिजागरीवर फिरते. दुसऱ्या कडेस खिटी अडकलेली असते. खिटी मागे सरली, की एक लहान स्प्रिंग झडपेस किंचित बाहेर ढकलते. म्हणजे उघडण्याच्या क्रियेत तीन पायऱ्या आहेत: खिटीपर्यंत ओढ पोचणे, खिटी सरणे आणि झडप बाहेर येणे. दोष यांपैकी कोठे आहे, हे आधी ठरविले पाहिजे.

अनेक मोटारींत चालकाच्या आसनाजवळ एक तरफ असते. तिची ओढ खिटीपर्यंत नेणारी तार एका लवचीक नळीतून जाते. सायकलच्या ब्रेकला असते तशीच ही तार होय. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये अशा तारेचे एकस्व घेतले. म्हणून तिला बाउडेन केबल म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या मोटारींत हेच काम विजेवर चालते आणि दारांच्या कुलपांबरोबर झडपेचेही कुलूप निघते.

आता परीक्षा करू. तरफ ओढताना ती सैल लागली, तर तार तुटली किंवा निसटली असावी. नेहमीसारखा ताण लागून झडपेपाशी ‘खट्’ असा आवाज आला, पण झडप हलली नाही, तर स्प्रिंग दुबळी झाली आहे किंवा बिजागरी गंजली आहे, असे समजावे. ताण लागूनही आवाज आला नाही, तर खिटीच अडकली असण्याचा संभव आहे. विजेच्या झडपेचा आवाज येत नसेल, तर दारांची कुलपे पुन्हा लावून उघडावीत आणि फ्यूज तपासावा.

खिटी अडकली असता झडप बाहेर ओढू नये. उलट ती आत दाबावी. झडप बाहेर ओढल्याने ती खिटीवर अधिक रेलते. दाब वाढला, की घर्षणही वाढते. यास्तव एकाने तरफ ओढून धरावी आणि दुसऱ्याने तळहाताने झडप हलकेच दाबून सोडावी. स्प्रिंग दुबळी असल्यास, तरफ ओढलेली असतानाच फटीत प्लास्टिकचे पातळ कार्ड घालून कड उचलावी. काही मोटारींत डिकीतील अस्तरामागे संकटकाळी ओढावयाची दोरी असते. तिची जागा मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावी.

लेहसारख्या थंड प्रदेशात कारण निराळे असू शकते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. त्यामुळे फटीत शिरलेले पाणी बर्फ होऊन झडप जखडून टाकते. येथे कढत पाणी ओतू नये. ते फटीत उतरून पुन्हा गोठते. ज्योत तर मुळीच जवळ नेऊ नये. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियसलाही पेट घेऊ शकते, आणि हवेहून जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते.

झडप उघडल्यावर काम संपले असे मानू नये. बिजागरी व खिटी पुसून कोरडी करावी आणि त्यांवर ग्रीजचा अगदी पातळ थर द्यावा. अधिक ग्रीजवर धूळ साचते व तीच पुढे अडथळा होते. तार तुटली असल्यास किंवा खिटी झिजली असल्यास मात्र ती कारागिराकडून बदलून घ्यावी.