पिळाची करामत

वाशिम जिल्ह्याच्या शेतातला थोडा कापूस घ्या. सरकी काढून एक तंतू मोजा. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर! मग त्याचे हातभर सूत होते कसे?

करून पाहा. कापसाचा पुंजका ओढा. तंतू सरकून सुटतात. आता पीळ देत देत ओढा, धागा टिकतो. ताण पडला की पिळलेले तंतू एकमेकांना आवळतात, घर्षण वाढते आणि घसरणे थांबते. उलटा पीळ दिला, की धागा पुन्हा सुटतो. पीळ फार झाला, तर सुताला गाठी पडतात.

१९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाच्या सूतकताईतही बोटांना हेच शिकावे लागे: ओढ किती, पीळ किती. त्यावरच विणकराचे कापड टिकते.

आता सांगा, दोन धागे एकत्र वळताना पीळ उलट्या दिशेने का देतात?