लसीविषयीची शंका : माकडतापाचा धडा

‘लस घ्यावी का?’ असे रुग्ण विचारतो, तेव्हा त्या प्रश्नात दोन शंका असतात : ती सुरक्षित आहे का, आणि ती गुणकारी आहे का? वैद्यांनी दोहोंची उत्तरे निरनिराळी द्यावीत.

२०१६-१७ मध्ये आपल्या दोडामार्ग-बांदा परिसरात माकडताप पसरला. त्यावरील मृत विषाणूंच्या लसीच्या अनेक मात्रा घ्याव्या लागत. टोचल्या जागी वेदनाही होई. तथापि २०२२ मध्ये कर्नाटकात तिचा वापर थांबला, तो संरक्षण अपुरे ठरल्यामुळे. हा दोष अन्य लसींना लावणे न्याय्य नव्हे. पोलिओच्या लसीमुळेच भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त ठरला.

काजूबागेत जाणाऱ्यास मात्र गोचिडांपासून अंग जपण्यास व ताप येताच रक्त तपासून घेण्यास अवश्य सांगावे.