बाळूस आत्याचं पत्र

परभणी,
१४ नोव्हेंबर

चि. बाळूस,


परवा तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तुमच्याच घरी होते. फोन आधी दादाच्या हातात, मग वहिनीच्या, मग शेजारच्या पोरांच्या. सूनबाईच्या हाती आला तेव्हा तू जांभया देत होतास. तिनं विचारलं, ‘जेवलात का?’ तू म्हणालास, ‘हो.’ झालं बोलणं. म्हणून हे लिहायला बसले.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण गमतीनं म्हणत आलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, आणि आता आमच्या शेजारची पोरंही जर्मन शिकायच्या गोष्टी करतात. तू स्टुटगार्टला दवाखान्यात ब्रदर म्हणून लागलास, याचं कौतुक सगळ्या गावाला आहे. नोकरी कशी करावी हे मी तुला सांगणार नाही. मागं राहिलेल्या बायकोचं मात्र सांगू शकते, कारण ती नोकरी मी केली आहे.

हे कुवेतला होते आणि मी सेलूला सासरी. पत्र यायला पंधरा-पंधरा दिवस लागायचे, आणि आलं की ते मामंजींच्या नावानं. मामंजी बैठकीत बसून मोठ्यानं वाचायचे, मी दाराआडून ऐकायची. पैसे किती पाठवले, विहिरीचं काम कुठवर आलं, म्हैस कुणाकडून घ्यावी, सगळं असायचं. शेवटी एक ओळ: ‘सौ.ला आशीर्वाद.’ माणूस वाईट नव्हता रे. बायकोला वेगळं पत्र लिहिणं बरं दिसत नाही, अशीच त्यांची समजूत. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा रेडिओला कान लावून बसताना मला कळलं की हे तिथं कुठल्या खोलीत राहतात, सोबत कोण असतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारायला वाटच नव्हती. लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी आले, त्यात हेही सुखरूप आले. घर पाहुण्यांनी भरलं आणि मी तीन दिवस चहा करत होते.

आता तुझ्या हातात फोन आहे, तरी रीत तीच चालली आहे. तर ऐक. तिला वेगळा फोन कर, थेट तिच्या नंबरावर. घरच्यांचा वेगळा. आणि वेळ तिची बघ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं मागं गेली, आता साडेचार तासांचं अंतर आहे. दुपारपाळी करून तू रात्री दहाला खोलीवर येतोस तेव्हा इथं अडीच वाजलेले असतात. ती तोवर जागी राहते, आणि पहाटे नळाला पाणी आलं की उठते. तू रात्रपाळी संपवून सकाळी साडेसहाला मोकळा होतोस, तेव्हा इथं अकरा. स्वयंपाक उरकलेला, वहिनी देवळात. ही वेळ पकड. आणि बोलताना ‘कुठं होतीस, फोन का उचलला नाहीस’ यानं सुरुवात करू नकोस. त्याला बोलणं म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात.

आनंदीबाई जोशींची गोष्ट तू शाळेत वाचली असशील. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याला, गोपाळरावांना, इथं ठेवून एकटी अमेरिकेला गेली, आणि ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. तिला शिकवायचा ध्यास गोपाळरावांचाच, पण त्यांच्या पत्रांत टोमणे आणि संशय किती! पोस्टात नोकरी केलेला माणूस, पण पत्रात काय घालावं ते कळलं नाही. ती बाई तिकडं थंडीनं, खोकल्यानं बेजार, त्यात अभ्यास, आणि वर या पत्रांना उत्तरं. परत आल्यावर वर्षभरही जगली नाही. गोपाळरावांना थोर म्हणणारे म्हणोत. त्या पत्रांपुरतं मी म्हणणार नाही.

पैशाचंही बोलते, वहिनीला राग आला तरी. सगळी रक्कम दादाच्या खात्यावर जाते आणि सूनबाईला साडी-चोळीसाठी मागावं लागतं. दरमहा ठराविक रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात टाक. तिचा हिशेब ना मी विचारणार, ना तू विचारायचा. तुझं इथलं जुनं बचत खातं एनआरओ करून घेतलंस का? घेतलं नसशील तर घे. साठवायचं ते एनआरई खात्यात ठेव, त्याच्या व्याजावर इथं कर नाही.

आपल्याच जिल्ह्यात बघ. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात, ती नवरा-बायको जोडीनं. मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एक कोयता, उचलही जोडीची. हाल कुत्रा खाणार नाही असे. त्यांच्या त्या जगण्याचं गुणगान करायचा माझा विचार नाही. पण पालावर रात्री भाकरी दोघं सोबत खातात, आणि परकं गाव दोघांना सारखंच परकं असतं. तुमच्यात तसं नाही. तुला दवाखाना आहे, मित्र आहेत, पगाराची चिठ्ठी आहे. सूनबाईनं माहेर सोडलं ते तुझ्यासाठी, आणि ज्याच्यासाठी आली तोच घरात नाही.

म्हणून तिला तिकडं नेण्याचं मनावर घे. तूच सांगत होतास की बायको भारतात असली की तिथल्या करात तुला एकटाच धरतात आणि कपात जास्त होते. मग दवाखान्याच्या वसतिगृहातून निघून दोन खोल्या बघ. व्हिसाच्या तारखेला वेळ लागतो, अर्ज आत्ताच घाल. तिला जर्मनचा ऑनलाइन वर्ग लावून दे. रविवारी तिथं दुकानंसुद्धा बंद असतात म्हणतोस, भाषा नसेल तर ती बिचारी दिवसभर भिंतीशी बोलणार का? वहिनी म्हणतील, घरचं कोण बघेल. दादा-वहिनी अजून ठणठणीत आहेत, आणि मी चार गल्ल्या पलीकडं आहे.

तोवर सुट्टीला येशील तर एक कर. मुंबईत उतरलास की पुण्याच्या मित्रांकडं मुक्काम टाकू नकोस. रात्रीची देवगिरी पकड आणि सकाळी परभणीत उतर. पाहुणे येतील, बसतील, जातील. तिसऱ्या दिवशी औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन सांगून तिला घेऊन बाहेर पड आणि चार दिवस परत येऊ नकोस. देवाचं नाव घेतलं की आपल्याकडं कुणी अडवत नाही.

आणि सुट्टीची तारीख ठरवण्याआधी तिला विचार. दादाला मग सांग.

तुझी,
आत्या