'मंजुघोषा' मला का आवडली नाही?

मराठी कादंबरीच्या आरंभकाळाचा विचार करताना 'मंजुघोषा' हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. नारो सदाशिव रिसबूड यांची ही कादंबरी १८६८ साली प्रसिद्ध झाली. अप्सरेचे नाव धारण करणारी नायिका, तिच्यासाठी झुरणारा राजपुत्र, आकाशमार्गे जाणारे विमान, विरह आणि अखेरीस मीलन, असा तिचा सारा थाट. त्या काळच्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली. वाङ्मयेतिहासात तिला मानाचे पान आहे. अशा कृतीविषयी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने "मला ती आवडली नाही" असे म्हणणे हे धाडसच होय. परंतु एखादे पुस्तक का आवडले नाही हे नीट सांगता येणे, हाही अभ्यासच आहे, असे मला वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'मंजुघोषा'तील चमत्कारांवर माझा राग नाही. त्यांवर आक्षेप घेणारे टीकाकार त्याच काळात होऊन गेले. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या आपल्या निबंधात नावल व नाटक यांची चर्चा करताना अशा असंभाव्य प्रसंगांचा समाचार घेतला होता. पण अद्भुत हे आपल्याला परके कुठे आहे? ज्या शब्दाने आपण हा वाङ्मयप्रकार ओळखतो तो 'कादंबरी' शब्दच मुळी बाणभट्टाच्या गंधर्वकन्येचे नाव. शिवाय कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणल्या, आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीच वाचकांच्या हाती आली होती. रिसबूड याच वाटेने गेले. आजही परीराज्याच्या इंग्रजी कादंबऱ्या आमच्या वयाची मुले रात्र रात्र जागून वाचतात. माणसाला अद्भुताची भूक आहे आणि ती असण्यात काही गैर नाही.

मग अडले कोठे? त्याचे उत्तर मला ग्रंथालयात न सापडता घरी सापडले. सुटीत मी या कादंबरीतील काही भाग आजीला वाचून दाखवीत होते. आजीला अक्षरओळख नाही. ती सुपात ज्वारी निवडीत ऐकत होती. विमानाचा प्रसंग आला तेव्हा मला वाटले, आता आजी चकित होणार. तिने हात न थांबवता विचारले, "अन् या राजाच्या लेकीचं दळण कोण दळतंय गं?"

मी हसले. पण तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. पुस्तकभर मला याच प्रश्नाचे उत्तर मिळाले नव्हते. ज्या घरात चूल आहे, जाते आहे, उद्याच्या भाकरीची चिंता आहे, त्या घराची ही गोष्टच नव्हती.

याचे कारण रिसबुडांनी स्वतःच प्रस्तावनेत दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्याकडील विवाहाच्या चालीरीतींमुळे व इतर कारणांमुळे हिंदू लोकांच्या आयुष्यात चित्तवेधक असे काही घडत नाही. रोजच्या अनुभवाचेच लिहिले तर त्यात गोडी येणार नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताकडे वळावे लागते. ही कबुली प्रामाणिक आहे, आणि त्याबद्दल लेखकाविषयी आदरच वाटतो. लहानपणीच लग्ने उरकणाऱ्या समाजात प्रेमकथा लिहायची कशी, ही त्यांची अडचण खरी होती.

पण माझे खरे भांडण आहे ते याच प्रस्तावनेशी. आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे काही नाही, हे कोणी ठरवले? महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ सालीच 'तृतीय रत्न' या नाटकात कुणब्याची गरोदर बायको आणि तिला नाडणारा जोशी यांना रंगमंचासाठी उभे केले होते. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये विधवांची दुःखे आली होती. ज्या विवाहपद्धतीमुळे लिहायला काही उरत नाही असे रिसबुडांना वाटले, त्याच पद्धतीतून पुढे हरिभाऊ आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी घडविली. त्यातील यमूचे बालपण, संसार, वैधव्य व केशवपन यांत विमान नाही, राजवाडा नाही; पण ती वाचताना पान उलटायला हात धजत नाही. आयुष्य नीरस नव्हते. पाहणाऱ्याची नजर दुसरीकडे होती.

आणि अद्भुतच हवे असेल, तर ते आमच्या गंगाखेडातही आहे. संत जनाबाईचे हे जन्मगाव. दमा आणि करुंड यांची ही लेक पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. तिच्यासोबत प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागला, तिने थापलेल्या गोवऱ्या वेचू लागला, या कथा आमच्याकडे लहान मूलही सांगते. हाही चमत्कारच की! विमान उडण्यापेक्षा देवाने जात्याचा खुंटा धरणे काय कमी असंभाव्य आहे? परंतु येथे चमत्कार खाली उतरून दासीच्या कामाला हात लावतो. तिचे कष्ट गोष्टीतून वगळले जात नाहीत. उलट त्या कष्टांपाशीच देव येतो. 'मंजुघोषा'तील अद्भुत मात्र जमीन सोडते, आणि जमिनीवर राहिलेल्या माणसांना विसरते.

एकोणिसाव्या शतकातल्या लेखकाला आजच्या फुटपट्टीने मोजणे अन्यायाचे होईल, हे मी जाणते. मराठी कादंबरी तेव्हा रांगत होती आणि वाचकाला गोडी लावण्याचे काम 'मंजुघोषा'ने केले. ते श्रेय तिचेच. पण आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कोणी पुस्तके वाचू लागले असताना, आपल्यासारख्यांच्या आयुष्यात लिहिण्याजोगे काही नसते, हे मत मी मुकाट्याने कसे स्वीकारू?

आजीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही. पुढे कधी मी गोष्ट लिहिली, तर तिच्या पहिल्याच पानावर दळण कोण दळते ते सांगेन. मग विमान आले तरी आजीची हरकत नसावी.