औषधद्रव्यांच्या खरेदीतील करार : बंधन, पालन आणि भंग

चिकित्सेच्या चार पादांत भिषकानंतर द्रव्याचे स्थान आहे. द्रव्य अव्वल नसेल तर निदान अचूक असूनही उपचार फसतो. हे द्रव्य आज बहुतेक वैद्य स्वतः अरण्यातून आणीत नाहीत. ते काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याकडून किंवा फार्मसीकडून येते, म्हणजेच करारातून येते. असे असूनही पुष्कळ व्यवहार दूरध्वनीवरील दोन वाक्यांवर चालतात. माल चुकीचा आला की ‘लेखी काहीच नाही, आता काय करणार’ असे म्हणून खरेदीदार गप्प बसतो आणि अखेर तोच माल काढ्यात जातो. त्याची किंमत रुग्ण मोजतो. म्हणून या विषयाची कायदेशीर बाजू आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

१. करार बंधनकारक केव्हा होतो?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० प्रमाणे सक्षम पक्षांची मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश असला की करार बंधनकारक होतो. तो लेखी असलाच पाहिजे असे सर्वसाधारण बंधन नाही. तोंडी करारही न्यायालयात टिकतो. अडचण येते ती पुराव्याची.

उद्देशाची अट आपल्या व्यवसायात विशेष महत्त्वाची आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० प्रमाणे विक्रीसाठी आयुर्वेदीय औषध तयार करण्यास परवाना लागतो. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास कलम ३३ ईईसी मध्ये सूट आहे; परंतु ती बाजारातील विक्रीस लागू नाही. विनापरवाना कारखान्याकडून विक्रीसाठी औषध बनवून घेण्याचा करार कलम २३ च्या कक्षेत येऊन शून्य ठरतो. मग आगाऊ दिलेली रक्कम परत मिळविणेही दुरापास्त होते.

२. पालन कशाला म्हणावे?

समजा, एका फार्मसीने अशोकारिष्टासाठी २०० किलो अशोकाची साल मागविली, नमुना पाहिला, दर व तारीख ठरली. पुढे आलेला माल नमुन्याबरहुकूम आहे. मात्र तपासणीत ती साल सीता अशोकाची नसून आसुपालवाची निघाली. व्यापारी म्हणतो, ‘दाखविले तेच दिले.’ हा बचाव टिकत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे नमुना आणि वर्णन या दोहोंवरून विक्री झाली असेल, तर माल दोहोंशी जुळला पाहिजे. शिवाय, माल कशासाठी हवा हे विक्रेत्यास कळविले असेल, खरेदीदार त्याच्या जाणकारीवर विसंबला असेल आणि तसा माल पुरविणे हा विक्रेत्याचा धंदाच असेल, तर तो त्या कामास योग्य असावा अशी अट कलम १६ अन्वये गृहीत धरली जाते. ‘अशोकारिष्टासाठी’ हा एक शब्द मागणीपत्रात असणे म्हणूनच मोलाचे आहे.

खरेदीदाराचीही कर्तव्ये आहेत. माल तपासण्याची वाजवी संधी हा त्याचा हक्क आहे. पण नकार न कळविता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे कलम ४२ मानते. त्यानंतर सहसा माल नाकारता येत नाही, केवळ भरपाई मागता येते. वेळीच नाकारलेला माल स्वतः परत पाठविण्याचे बंधन मात्र, तसे ठरले नसल्यास, खरेदीदारावर नाही; नकार कळविणे पुरेसे असते.

मुदतीचेही तसेच. च्यवनप्राशासाठी ताजे आवळे हंगामानंतर मिळून उपयोग नाही. मुदत हा कराराचा गाभा आहे असा उभयतांचा हेतू दिसत असेल, तर विलंब होताच खरेदीदारास करार रद्द करता येतो (करार अधिनियम, कलम ५५). उशिरा आलेला माल स्वीकारून त्या विलंबाची भरपाई मागावयाची असेल, तर स्वीकारतेवेळीच तशी सूचना दिली पाहिजे.

३. ‘भाव वाढले’ ही सबब चालते का?

पालन खरोखर अशक्य अथवा बेकायदेशीर झाले तर कलम ५६ प्रमाणे करार शून्य होतो. पालन महाग पडणे म्हणजे अशक्य होणे नव्हे. अलोपी प्रसाद अँड सन्स विरुद्ध भारत सरकार (१९६०) या प्रकरणात सैन्यासाठी तूप खरेदी करणाऱ्या आडत्यांनी, युद्धामुळे परिस्थिती पालटली म्हणून करारातील दरापेक्षा अधिक रक्कम मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी अमान्य केली. परिस्थिती कठीण झाली एवढ्याने ठरलेला दर सुटत नाही, हा त्याचा इत्यर्थ होय.

४. भंग आणि भरपाई

कलम ७३ प्रमाणे भंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेली, किंवा करार करताना उभयतांस ठाऊक असलेली हानीच भरून मिळते. दूरान्वयाची हानी मिळत नाही. तसेच हानी कमी करण्याचे हाती असलेले उपाय योजले की नाही हेही पाहिले जाते. दंडाची रक्कम करारात लिहिली असली तरी कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. भरपाईचा दावा भंगापासून तीन वर्षांत दाखल करावा लागतो.

५. मागणीपत्रातील पथ्ये

• द्रव्याचे संस्कृत, मराठी व शास्त्रीय नाव आणि उपयुक्त अंग लिहावे.
• कोणत्या कल्पासाठी हवे ते नमूद करावे.
• वजन, दर, पोचविण्याचे ठिकाण व अंतिम तारीख लिहावी. मुदत गाभ्याची असल्यास तसे स्पष्ट म्हणावे.
• तपासणी किती दिवसांत होईल व नमुना कोणाकडे मोहोरबंद राहील ते ठरवावे.
• औषध बनवून घ्यावयाचे असल्यास उत्पादकाचा परवाना क्रमांक घ्यावा.
• विक्रेत्याचा होकार लेखी घ्यावा, नकारही लेखीच कळवावा.

एवढा मजकूर एका पानात मावतो. मोठ्या रकमेच्या व्यवहारात वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु ते एक पान हाती असले, तर अयोग्य द्रव्य दारातूनच परत करण्याचे बळ वैद्यास व फार्मसीचालकास मिळते. आणि द्रव्याची शुद्धी राखण्याची सुरुवात तेथूनच होते, असे आम्हांस वाटते.